शांत चेहऱ्यापासून किती सरकलं? फोटोवरून हावभाव रेखाटण्याच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर: आराखडा आणि माप

सात हावभाव (हसू, राग, दुःख, आश्चर्य, भीती, किळस, तुच्छता) दोन कोनांतून काढायचे: समोरून आणि तीन-चतुर्थांश (चेहरा अर्धवट एका बाजूला वळलेला). दोन्ही कोनांतला शांत चेहरा धरला की सोळा रेखाटनं होतात. मॉडेल एकच. साहित्य: ए३ कागद (२९७ × ४२० मिमी), ०.५ मिमी लीडची एचबी मेकॅनिकल पेन्सिल, २बी आणि ४बी साध्या पेन्सिली, मळता येणारं खोडरबर, ट्रेसिंग पेपर, पारदर्शक पट्टी.

कागदावर डोकं किती मोठं काढायचं, हे सगळ्यात आधी ठरवलं. मोठ्या माणसाच्या डोळ्यातल्या बुबुळाची रुंदी सरासरी ११.७ मिमी असते आणि माणसागणिक ती फार कमी बदलते. शांत चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा दीड-दोन मिमी भाग झाकते आणि खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकते. भीती, राग, थकवा यांतला निम्मा फरक या पापणीच्या एक-दोन मिमी हालचालीत आहे.

आता डोक्याची खरी उंची २२-२३ सेमी धरली आणि कागदावर ते ७ सेमीचं काढलं, तर बुबुळ साडेतीन मिमीचं होतं आणि पापणीची १ मिमी हालचाल ०.३ मिमीवर येते. म्हणजे पेन्सिलीच्या रेषेपेक्षाही कमी. लहान चेहऱ्यावरचा हावभाव फसतो तो बहुतेक वेळा इथेच: हात चुकलेला नसतो, माप चुकलेलं असतं. डोकं २० सेमीचं ठेवलं तर बुबुळ जवळपास १० मिमी होतं आणि पापणीचा १ मिमी कागदावर ०.९ मिमी दिसतो. तेवढा हाताला पेलतो. सोळाही रेखाटनांत डोकं २० सेमी ठेवायचं.

दुसरा निर्णय: हावभावाचा प्रत्येक फोटो त्याच माणसाच्या, त्याच कोनातल्या, त्याच उजेडातल्या शांत फोटोच्या शेजारी ठेवूनच वापरायचा. शांत फोटो नसेल तर तो हावभाव बाद. रेखाटायचं आहे ते चेहरा कुठून कुठे सरकला ते. सुटा फोटो फक्त तो कुठे पोचला एवढंच सांगतो.

६ नोव्हेंबर: कॅमेरा आणि उजेड

फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, अंतर १.५ मीटर, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, फ्रेम उभी. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात बुबुळ सुमारे ११५ पिक्सेल रुंद येतं, म्हणजे चेहऱ्यावरच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण १० पिक्सेल मिळतात. डोकं २२०० पिक्सेलच्या आसपास भरतं, आणि २० सेमी उंचीवर प्रिंट काढली की ती इंचाला २८० पिक्सेलच्या घरात बसते. पापणीची कड नीट दिसायला एवढं पुरतं.

अंतराबद्दल तडजोड नको. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं खोलीचं अंतर १२ सेमीच्या आसपास असतं. हातात धरलेल्या फोनमधून ४० सेमीवर फोटो घेतला, तर नाक कानाच्या मानाने जवळपास ३० टक्के मोठं येतं. दीड मीटरवर हाच फरक ८ टक्क्यांवर उतरतो. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. फोनच वापरायचा असेल तर दीड मीटरवर उभं राहून दुपटीची किंवा तिपटीची लेन्स लावावी. सौंदर्य फिल्टर, पोर्ट्रेट मोड आणि नाइट मोड तिन्ही बंद ठेवावेत. पहिला फिल्टर त्वचा गुळगुळीत करताना नेमक्या आपल्याला हव्या त्या घड्या पुसतो, आणि नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करत असल्याने हलता चेहरा मऊ पडतो.

मांडणी: ६० × ६० सेमीचा एकच सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या पडद्यातून मऊ उजेड देणारा दिवा), चेहऱ्याच्या डावीकडून ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या थोडा वर. उजवीकडे पांढरा बोर्ड. छिद्र एफ ८ (हा आकडा मोठा तितकं जास्त खोलीपर्यंत स्पष्ट येतं), शटर १/२५०, आयएसओ गरजेनुसार १६०० पर्यंत. एफ ५.६ वर चाचणी घेतली तेव्हा डोळे स्पष्ट आणि कान धूसर आले. तीन-चतुर्थांश कोनात तर पलीकडचा डोळाही सुटायला लागला, म्हणून एफ ८.

उजेडाच्या दोन चाचण्या फेकून दिल्या. फ्लॅश समोरून मारला की गालाची घडी, भुवईखालचा खड्डा, हनुवटीवरचे खळगे सगळं सपाट होतं आणि हाती फक्त बाह्यरेषा उरते. उलट दिवा अगदी डोक्यावर घेतला तर भुवईची सावली डोळ्यांवर पडते आणि शांत चेहरासुद्धा रागावलेला दिसतो. ही दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण फोटो नाट्यमय आणि छान वाटतो. हावभाव स्नायूंनी केला आहे की दिव्याने, हे त्यातून कळत नाही. एलईडी दिव्याने शटर वेगवान असताना फोटोत पट्टे आले तर शटर १/१०० वर आणून पाहावं, पण मग हलत्या ओठांची कड थोडी जाते.

८ नोव्हेंबर: फोटो काढण्याचा दिवस

क्रम असा: शांत, हावभाव, शांत, पुढचा हावभाव. मधला शांत फोटो मुद्दाम घेतला, कारण माणूस दहा मिनिटांत थोडा खाली सरकतो, मान कलते, आणि सकाळचा शांत फोटो दुपारच्या रागाशी जुळत नाही. डोक्यामागे भिंतीवर उभी चिकटपट्टी आणि समोर नजरेसाठी एक ठिपका, एवढ्याने डोकं बऱ्यापैकी जागेवर राहतं. प्रत्येक हावभावाला सलग फोटोंचा एक झोत, सेकंदाला १० च्या आसपास, चार सेकंद. हावभाव चढतो, शिखरावर थांबतो आणि उतरतो. शिखराची फ्रेम हवी असते, पण चढतानाची एखादी फ्रेम बहुतेक वेळा अधिक जिवंत असते. दोन्ही ठेवल्या.

मॉडेलला "राग दाखव" म्हटलं की चेहरा आवळला जातो, मान ताठ होते आणि सगळे स्नायू एकदम कामाला लागतात. भावनेचं नाव घेण्याऐवजी मराठीतले चेहऱ्याचे वाक्प्रचार वापरले, आणि त्यांनी काम सोपं केलं. "डोळे वटार" म्हटल्यावर वरची पापणी चढते आणि भुवई खाली येते. "नाक मुरड" म्हटल्यावर नाकाच्या मुळाशी सुरकुत्या पडतात आणि वरचा ओठ उचलला जातो. "ओठ मुडप", "भुवया उंचाव", "डोळे बारीक कर", "दातओठ खा" या सगळ्यांतून स्नायूची नेमकी हालचाल मिळते. एकच शब्द फसला: "आठ्या घाल". कुणी कपाळावर आडव्या घालतं, कुणी भुवयांमध्ये उभ्या. तिथे बोटाने जागा दाखवावी लागते. वाक्प्रचारातून हालचाल मिळाली की मग प्रसंग सांगायचा, म्हणजे उरलेला चेहरा आपोआप जुळून येतो. उलट क्रमाने तेवढं साधत नाही.

९ नोव्हेंबर: निवड, नावं, परवानगी

फायलींची नावं एका साच्यात: तारीख, कोन, हावभाव, तीव्रता, फ्रेम क्रमांक. उदाहरणार्थ "०८११-समोर-राग-३-१४". सोबत हालचालींचे आकडे लिहिले. त्यासाठी एकमन आणि फ्रीझन यांनी १९७८ मध्ये मांडलेली चेहऱ्याच्या हालचालींची क्रमांकपद्धती वापरली. १: भुवईचं आतलं टोक वर, २: बाहेरचं टोक वर, ४: भुवया खाली आणि जवळ, ५: वरची पापणी वर, ६: गाल वर, ७: पापण्या ताणलेल्या, ९: नाक मुरडलेलं, १०: वरचा ओठ वर, १२: ओठांचे कोपरे वर ओढलेले, १५: कोपरे खाली, १७: हनुवटी वर, २०: ओठ आडवे ताणलेले, २४: ओठ दाबलेले, २६: जबडा सैल सुटलेला. चित्रकाराला एवढे पाठ असले तरी पुष्कळ. "दुःख" अशा नावाची फाइल पुन्हा शोधताना काहीच सांगत नाही, "१+४+१५" बरंच सांगते.

मॉडेलकडून लेखी संमती घेतली: फोटो कशासाठी, कुठे दाखवणार, किती काळ ठेवणार. इंटरनेटवरून उचललेले फोटो या प्रकल्पात नाहीत. त्यांच्यावर दुसऱ्याचा हक्क असतो हे एक कारण, आणि त्यांच्यासोबत शांत फोटो कधीच मिळत नाही हे दुसरं.

एक गफलत निवडताना सापडली. चाचणीचे काही फोटो फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतले होते आणि ते आरशासारखे उलटे जतन झाले होते. शांत फोटो सरळ, हावभाव उलटा. मग डावी भुवई उजवीकडे गेली आणि सगळी मापं विसंगत आली. गालावरचा तीळ दोन्ही फोटोंत एकाच बाजूला आहे ना, एवढं आधी पाहावं.

११ नोव्हेंबर: शांत चेहरा

सगळ्यात जास्त वेळ इथे दिला आणि तो योग्यच होता. फोटो असा प्रिंट केला की बुबुळाची रुंदी पट्टीवर बरोबर १० मिमी भरावी. बुबुळ आडवं मोजायचं, कारण उभं ते पापण्यांखाली झाकलेलं असतं. तीन-चतुर्थांश कोनात नजर कॅमेऱ्याकडे असेल तर बुबुळ गोल दिसतं आणि माप चालतं. नजर चेहऱ्याच्या दिशेने असेल तर बुबुळ लंबगोल होतं आणि माप फसतं. म्हणून त्या कोनातही माप घेण्यापुरता एक फोटो नजर कॅमेऱ्याकडे ठेवून घेतला.

चेहऱ्यावर १७ बिंदू ठरवले: दोन्ही भुवयांचं आतलं टोक, कमान आणि बाहेरचं टोक (६), वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू (२), खालच्या पापणीचा सर्वांत खालचा बिंदू (२), नाकपुडीच्या पाळ्या (२), ओठांचे कोपरे (२), वरच्या ओठाचा मध्य, खालच्या ओठाचा मध्य, हनुवटी. हे हलणारे बिंदू. न हलणारे वेगळे: डोळ्यांचे आतले कोपरे (ते हाडाला बांधलेले असतात), नाकाचं मूळ आणि कान जिथे वर डोक्याला चिकटतो ती जागा. ट्रेसिंग पेपरवर दोन्ही प्रकारचे बिंदू उतरवले. पुढच्या प्रत्येक रेखाटनावर हा कागद न हलणाऱ्या बिंदूंवर जुळवून ठेवायचा आणि बाकीचे बिंदू किती सरकले ते पट्टीने मोजायचं.

शांत चेहऱ्यावरही घड्या असतात. या मॉडेलच्या कपाळावर दोन आडव्या रेषा कायमच्या आहेत आणि ओठांचा डावा कोपरा उजव्यापेक्षा १ मिमी खाली आहे. शांत फोटो नसता तर पहिल्या गोष्टीला काळजी आणि दुसरीला नाराजी समजून रेखाटनात दुप्पट गडद केलं गेलं असतं.

१३ आणि १४ नोव्हेंबर: हसू

पहिलं रेखाटन बाद. ओठांपासून सुरुवात केली होती: कोपरे वर, दात, मग गाल. चेहरा शांत आणि त्यावर हसरे ओठ चिकटवल्यासारखे दिसले. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला: आधी गालांचे फुगलेले गोळे, मग त्यांनी वर ढकललेली खालची पापणी, मग नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी, आणि शेवटी ओठ. हसताना ओठांचे कोपरे बाहेर आणि वर ओढले जातात आणि त्या ओढीने गालाचा मऊ भाग गोळा होतो. मापात असं आलं: ओठांची रुंदी ४५ मिमीवरून ५६, प्रत्येक कोपरा ५ मिमी वर, खालच्या पापणीची कड १ मिमी वर. ती कड वर जाताना तिचा खोलगट बाकही सपाट होतो. हा सपाटपणा बहुतेक जण काढत नाहीत, आणि तोच डोळ्यांत हसू आणतो. वरचा ओठ पातळ होतो, नाकाखालची पन्हळ जवळजवळ नाहीशी होते आणि नाकपुड्या रुंदावतात.

ड्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन फोटो प्रसिद्ध केले होते. त्यातून हसण्यातला डोळ्याभोवतीचा स्नायू आणि ओठांचा कोपरा ओढणारा स्नायू वेगवेगळे दिसले. तेव्हापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या म्हणजे खरं हसू, असं सरसकट सांगितलं जातं. फोटो पाहताना ही खूण पुरत नाही. ओठ जोरात ताणले तरी गाल वर चढून त्या सुरकुत्या पाडतातच. जास्त भरवशाची खूण थोडी वर आहे: भुवईच्या बाहेरच्या टोकाखालची त्वचा किंचित खाली उतरून वरच्या पापणीवर झुकते. आमच्या झोतातल्या चाळीस फ्रेमपैकी मोजक्याच फ्रेममध्ये ती दिसली. रेखाटनासाठी त्यांतली एक घेतली.

दात: दोन दातांमधल्या रेषा काढल्या की दात मोजायला लावणारं हसू होतं. दातांचा एकच हलका पट्टा ठेवायचा, दोन्ही टोकांना कोपऱ्याच्या सावलीत विरघळू द्यायचा, आणि हिरड्यांच्या बाजूची कड फक्त मधल्या चार दातांपुरती दाखवायची. दात कागदाइतके पांढरे सोडायचे नाहीत, ते ओठांच्या आत सावलीत असतात.

गालाची घडी म्हणजे रेषा नव्हे. ती नाकपुडीजवळ सर्वांत गडद आणि अरुंद असते, आणि ओठांच्या कोपऱ्याकडे जाताना रुंद आणि फिकट होत जाते. तिची एक बाजू कडक आणि दुसरी मऊ. दोन्ही बाजू कडक काढल्या आणि टोकापर्यंत सारख्या गडद ठेवल्या, तर चेहरा वीस वर्षांनी म्हातारा दिसतो. पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच झालं होतं. मळत्या खोडरबराची धार करून गालाकडची बाजू उचलल्यावर वय खाली आलं.

१७ नोव्हेंबर: राग

सुरकुती स्नायूच्या ओढीला काटकोनात पडते. कपाळाचा स्नायू उभा ओढतो म्हणून आठ्या आडव्या पडतात, भुवया जवळ आणणारा स्नायू आडवा-तिरपा ओढतो म्हणून मध्ये उभ्या रेषा पडतात, आणि नाकाच्या मुळाशी खाली ओढ असते म्हणून तिथे आडवी घडी पडते. फोटोत सुरकुती दिसली की तिच्या काटकोनात बोट फिरवावं, ओढ कुठून येते ते कळतं.

रागाच्या पहिल्या रेखाटनात भुवया ४ मिमी खाली आणल्या, उभ्या रेषा काढल्या, आणि चेहरा बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसाचा झाला. नुसत्या ४ या हालचालीत एकाग्रतासुद्धा असते आणि उन्हात डोळे बारीक करणंसुद्धा. राग तेव्हा दिसतो जेव्हा भुवई खाली येत असताना वरची पापणी तिच्याविरुद्ध वर चढते आणि खालची ताणली जाते: ४+५+७, सोबत २४. भुवई आणि पापणी यांच्यातली जागा जवळपास संपते, पण बुबुळ मात्र उघडं राहतं. हा ताण एकदा डोळ्यांजवळ आला की ओठांवर जास्त काही करावं लागत नाही. ओठांची लाल पट्टी निम्म्याने आत गेली आणि त्यांच्या वरखाली थोडा फुगवटा दाखवला तरी भागतं.

१९ नोव्हेंबर: दुःख

मॉडेलला हे जमलं नाही, आणि ते बहुतेकांना जमत नाही. भुवयांची फक्त आतली टोकं वर नेणं (हालचाल १) ठरवून करणं पुष्कळ माणसांना अवघड जातं. पूर्ण भुवया वर चढतात आणि हाती आश्चर्य येतं. उपाय: आधी भुवया जवळ आवळायच्या आणि तशाच ठेवून कपाळ वर ओढायचं. पाचव्या प्रयत्नात तीन फ्रेम मिळाल्या. त्या नसत्याच मिळाल्या तर दुसऱ्या माणसाच्या भुवया उसन्या आणायच्या नाहीत. शांत चेहऱ्यावरची आतली टोकं कागदावर २ ते ३ मिमी वर न्यावीत, कमान तिथेच ठेवावी, आणि आडव्या आठ्या कपाळाच्या फक्त मधल्या एक-तृतीयांश भागात काढाव्यात. कपाळभर आठ्या काढल्या की पुन्हा आश्चर्य.

जवळून पाहिलेली एक जागा: भुवईचं आतलं टोक वर गेलं की वरच्या पापणीवरची त्वचेची घडी आतून वर खेचली जाते आणि बाहेर खाली राहते. डोळ्यावर एक तिरका त्रिकोण तयार होतो. भुवया विरळ असल्या किंवा केसांखाली गेल्या तरी हा त्रिकोण दुःख वाहून नेतो. त्याची आतली बाजू २बीने एकदाच, हलक्या हाताने. घासून मऊ केली की ती नुसती सावली होते.

खाली ओठांचे कोपरे २ मिमीपेक्षा जास्त उतरवले नाहीत. हनुवटी वर ढकलली गेल्याने खालचा ओठ पुढे येतो आणि हनुवटीवर बारीक खळगे पडतात. ते टिंब टिंब करून नव्हे, तर उजेडाचे छोटे तुकडे राखून काढायचे. "चेहरा पडला" म्हणताना जी ढिलाई मनात येते ती गालांची असते. म्हणून गालांवर छटा कमी, कडा मऊ.

२२ नोव्हेंबर: आश्चर्य आणि भीती

दोन्ही शेजारी शेजारी काढल्या, कारण एकमेकींशी सर्वांत जास्त याच गोंधळतात.

आधी दोन्हींना लागू असलेली चूक. तोंड उघडं काढलं आणि हनुवटी शांत चेहऱ्याच्या जागीच राहिली. वरचे दात कवटीला पक्के असतात, हलतो तो खालचा जबडा, आणि त्याची बिजागरी कानाच्या लगेच पुढे असते. तोंड उघडलं की हनुवटी कमानीत फिरत खाली आणि थोडी मागे जाते. पूर्ण उघडलेल्या तोंडात मोठ्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांत ४० ते ५० मिमी अंतर पडतं. आश्चर्यात एवढं लागत नाही, या मॉडेलचं २० मिमी होतं. म्हणजे कागदावर डोकं २० सेमीऐवजी २१.८ सेमी लांब व्हायला हवं. चेहरा लांबतो, गाल सपाट होतात, आणि नाकापासून वरच्या ओठापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. हे तीन बदल केले तर तोंड आतून भोक पाडल्यासारखं दिसत नाही.

आश्चर्य: १+२+५+२६. भुवया कमान करून वर, दोघींमध्ये अंतर मोकळं, जबडा सैल, ओठांत ताण नाही. भीती: १+२+४+५+२०. भुवया वर, पण जवळ ओढल्यामुळे कमान मोडून जवळपास सरळ झालेल्या. वरची पापणी बुबुळाच्या वर गेलेली, कागदावर पांढऱ्या भागाची १ मिमीची पट्टी. खालची पापणी ताणलेली. ओठ आडवे मागे खेचलेले आणि मानेवर उभे दोर उठलेले. मान कागदाबाहेर कापली तर भीती अर्धी जाते. म्हणून डोकं कागदावर ३ सेमी वर सरकवलं.

वरच्या पापणीची ती पांढरी पट्टी २ मिमी केली तर व्यंगचित्र, अर्धा मिमी केली तर फक्त लक्ष देऊन पाहणारा माणूस. तीनदा खोडून १ मिमीवर आलो. पट्टीत वरच्या कडेला पापणीची हलकी सावली द्यावी, नाहीतर डोळा कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो.

२४ नोव्हेंबर: किळस, तुच्छता

दोन्ही लवकर झाल्या. किळसेत ९ आणि १० वेगळे ठेवायचे. ९ मध्ये नाकाच्या मुळाशी आणि बाजूंना सुरकुत्या पडतात, भुवयाही थोड्या खाली येतात. १० मध्ये फक्त वरचा ओठ उचलला जाऊन चौकोनी होतो. दोन्ही पूर्ण जोराने काढले की माणूस गुरगुरताना दिसतो. ९ पूर्ण, १० अर्धा ठेवला. तुच्छता एकाच बाजूची असते: ओठाचा एक कोपरा आत दाबला जाऊन बारीक खळी पडते, बाकी चेहरा शांत. मॉडेलचा मुळातच खाली असलेला डावा कोपरा टाळून उजवा घेतला, नाहीतर कुठलं मूळचं आणि कुठलं केलेलं हे कळलं नसतं.

२७ नोव्हेंबर: तीन-चतुर्थांश कोन

ओठ सपाट भिंतीवर नसतात, दातांच्या कमानीवर गुंडाळलेले असतात. हसताना कोपरे या कमानीवरून मागे सरकतात. तीन-चतुर्थांश कोनात जवळचा कोपरा कानाकडे लांब पळताना दिसतो आणि पलीकडचा कमानीमागे जाऊन जेमतेम सरकतो. मापात जवळच्या अर्ध्या ओठाची लांबी बरीच वाढली, पलीकडच्याची थोडीच. समोरच्या रेखाटनातल्यासारखे दोन्ही कोपरे सारखे हलवले तर जबडा वाकडा दिसतो. इथे फोटोवर विश्वास ठेवावा, सवयीवर नाही.

पलीकडच्या गालाची बाह्यरेषाही बदलते. गोळा बाहेर फुगतो आणि डोळ्याच्या खालच्या कोपऱ्याचा काही भाग झाकतो. शांत चेहऱ्याची बाह्यरेषा तशीच ठेवून आत हसू काढलं तर ते चेहऱ्याच्या आत अडकून पडतं.

लाइट बॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या पेटीवर) फोटो ठेवून थेट छापून पाहिलं. वीस मिनिटांत सगळे बिंदू जागेवर, आणि तरी निकाल निर्जीव. छापताना हात उजेड-अंधाराच्या सीमेवर फिरतो. ती सीमा दिव्याने ठरवलेली असते, त्वचा कुठे वळते त्याने नव्हे. छापलेल्या रेषेला जाडी-बारीकपणा नसतो. बिंदू उतरवायला लाइट बॉक्स चालतो, कडा उतरवायला नाही. २ सेमी चौकटीची जाळीही फक्त जागा पकडण्यापुरती ठेवली, डोळ्यांभोवती मात्र १ सेमी.

२९ नोव्हेंबर: तपासणी

तीन तपासण्या केल्या. एक, रेखाटन आरशात पाहणं. दोन, तोंडावर कागद ठेवून फक्त डोळे पाहणं, मग उलट. दोन्ही अर्धे एकच गोष्ट सांगतात की नाही ते कळतं. दुःखाच्या समोरच्या रेखाटनात डोळे दुःखी आणि ओठ चिडलेले निघाले, कारण ओठ दाबले गेले होते. लाल पट्टी थोडी मोकळी केली.

तीन, नाव न सांगता दुसऱ्यांना दाखवणं. पर्यायांची यादी द्यायची नाही. यादी दिली की लोक उरलेला पर्याय निवडतात आणि रेखाटन पास झाल्यासारखं वाटतं. "या माणसाला नुकतं काय झालं असेल?" एवढंच विचारलं. समोरची भीती बहुतेकांना भीतीच वाटली. तीन-चतुर्थांश कोनातली भीती मात्र "अरे, हा इथे कसा?" अशी वाचली गेली. शोधल्यावर दोन कारणं सापडली: पलीकडची भुवई कमानीतच राहिली होती आणि मान पुन्हा कापली गेली होती.

२ डिसेंबर: दुरुस्ती आणि फोटोशिवाय एक फेरी

तीन-चतुर्थांश भीती नव्या कागदावर काढली. पलीकडची भुवई सरळ केली, तिचं आतलं टोक नाकाच्या मुळाकडे २ मिमी ओढलं, मानेचे दोर ४बीने दोन ठिकाणी. आता वाचन बरोबर येतं.

मग सगळे फोटो बाजूला ठेवून, फक्त शांत चेहऱ्याच्या रेखाटनावरून आणि मोजलेल्या फरकांच्या तक्त्यावरून सातही हावभाव समोरून पुन्हा काढले. वेळ प्रत्येकी २५ मिनिटं. हसू, राग, आश्चर्य आणि तुच्छता फोटोवरच्या रेखाटनाच्या बरोबरीने आले. किळसेत नाकाच्या बाजूच्या सुरकुत्या एकाच दिशेने पडल्या, फोटोत त्या पंख्यासारख्या पसरतात. दुःखात पापणीवरचा त्रिकोण जागेवर आला, पण हनुवटीचे खळगे आठवणीतून काढताना ठिपके झाले. भीतीत पांढरी पट्टी पुन्हा दीड मिमीवर गेली.

उरलेलं काम: हनुवटीचे आणि नाकाच्या बाजूचे जवळून फोटो, दिवा जास्त आडवा घेऊन, अंतर तेच १.५ मीटर, लेन्स १३५ मिमी. त्यानंतर किळस आणि दुःख पुन्हा फोटोशिवाय.